रांजण जागा झाला

आमच्या घरात थाप मारायला परवानगी एकाच कामासाठी होती, ते म्हणजे निळीचा रांजण बिघडला तर. तब्रीझच्या सगळ्याच रंगाऱ्यांची ही रीत. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला रांजण कधीकधी रुसतो. पाणी मेल्यासारखं पडून राहतं, फेस धरत नाही, आणि कापड बुडवलं तर ते धड राखाडीही निघत नाही. मग घरच्या उस्तानं, म्हणजे मुख्य कारागिरानं, बाजारात जायचं आणि गंभीर चेहऱ्यानं एखादी थाप सोडून यायची. अमक्याच्या उंटिणीला दोन तोंडांचं पिल्लू झालं, तमक्या हाजीनं म्हातारपणी चौथं लग्न ठरवलं. थाप जितकी लांब जाईल तितका रांजण लवकर सुधारतो. कुणाला खोटं वाटत असेल तर वाटो बापडं, रंगाऱ्यांना कधी वाटलं नाही.

१९०८च्या त्या उन्हाळ्यात मात्र थाप सोडायला बाजारच उरला नव्हता. तिकडे तेहरानात शहानं मजलिसवर, म्हणजे देशाच्या नव्या संसदेवर, तोफा डागल्या आणि लोकांनी निवडून दिलेल्या माणसांना बेड्या घातल्या. इकडे तब्रीझनं मान तुकवायला नकार दिला. तब्रीझनं म्हणजे अर्ध्या तब्रीझनं. नदीपलीकडे दवाची मोहल्ल्यात शहाचे स्वार तळ ठोकून होते, अलीकडे आमची गल्ली होती, आणि मधल्या पुलाच्या नाक्यावर विटा आणि मातीची पोती रचून त्यामागे आमचा एवझ बंदूक घेऊन पडला होता. उस्ता गंजअलींचा हा धाकटा मुलगा. त्याला घरी येऊन चार आठवडे झाले होते. रांजणही तेवढेच दिवस मेलेला होता.

त्यात परक्या वकिलातीचा निरोप आला. ज्याच्या घरावर पांढरं निशाण दिसेल, त्याच्या उंबऱ्याला शहाचे स्वार हात लावणार नाहीत. त्यावरून त्या दिवशी जेवताना काय महाभारत झालं—नाही, आमच्याकडे महाभारत म्हणत नाहीत, पण ताटल्या आपटल्या त्या आपटल्याच. थोरला इबाद म्हणाला, "लावू या." उस्ता म्हणाले, "मी मेल्यावर लाव." तिथं विषय संपला होता, किंवा उस्तांना तसं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उस्तांची विधवा बहीण खातून दवाचीहून पूल ओलांडून आली. बायकांना अजून दोन्हीकडचे लोक जाऊ देत. तिचा जावई शहाच्या स्वारांमध्ये होता, त्यामुळे तिच्या चपलेला या घरात जरा लांबच जागा मिळे. अंगाभोवतीची चादर सावरून ती अंगणातल्या तुतीखाली बसली, चहाचा पेला हातात घेतला, खडीसाखर दाताखाली धरली आणि म्हणाली, "दादाश, शेवटी शहाणपण सुचलं म्हणायचं तुला."

उस्ता रांजणाशेजारी काठी घेऊन बसले होते. "मला? कधी?"

"आता लाजतोस कशाला! पुलावरून दिसतं की. तुझ्या छपरावर पांढरं फडकतंय. आणि तुझं बघून अख्ख्या गल्लीनं लावलंय. जीनगराच्या घरावर, रोटीवाल्या नानवायाच्या घरावर, सगळीकडं. जावईबापू तर खूश झाले. म्हणाले, आता तिसऱ्या प्रहरी अस्रच्या नमाजानंतर आम्ही नदी उतरून याच गल्लीनं जाऊ, एक गोळी न झाडता. पुलाच्या नाक्याच्या थेट पाठीवर निघते ना ही गल्ली."

बोलता बोलता तिच्या लक्षात आलं असावं की नाक्यावर कोण आहे. तिनं पेला बशीत ठेवला. "एवझला मी निरोप धाडणारच होते," ती हळू आवाजात म्हणाली. "पळून जा म्हणून. म्हणून तर आले."

उस्तांनी वर पाहिलं. अंगणातून छपराचा फक्त कठडा दिसतो. कठड्यावरून मांजरपाटाचं एक टोक वाऱ्यानं वर येत होतं आणि खाली जात होतं.

स्वयंपाकघरात गुलअंदामचे काकडी चिरणारे हात थांबले. इबादची ही बायको, माझी पणजी. ते कापड तिनंच सकाळी वर टाकलं होतं. एका व्यापाऱ्याची चार ठाणं राखेच्या पाण्यात धुवून पडली होती. बाजार बंद, रांजण बंद, ओल्या कापडाला वास यायला लागला होता. रंगाऱ्याच्या घरातली बाई ओलं कापड दिसलं की काय करेल? छपरावर नेऊन दोरीवर टाकेल. शंभर वर्षं या छपरावर कापडं वाळत होती. त्यांच्याकडे मान वर करून कोणी पाहिलं नव्हतं.

मग तिला सकाळची गोष्ट आठवली. रोटी घेऊन येताना इबाद गल्लीत उभा राहून वर बघत होता. आत आल्यावर त्यानं विचारलं, "तू टाकलंस?" ती म्हणाली, "वाळायला." तो म्हणाला, "बरं केलंस."

लग्नाला इतकी वर्षं झाली, कापड वाळत घातलं म्हणून या माणसानं तिचं कधी कौतुक केलं नव्हतं. आत्ता तिला त्या कौतुकाचा अर्थ कळला आणि हातातली सुरी तिनं फळीवर ठेवली.

ती अंगणात आली आणि सासऱ्यांना म्हणाली, "आगा, ते निशाण नाही. धुतलेलं कापड आहे. मी टाकलंय."

"अल्ला!" खातून आत्या म्हणाली.

"आणि यांना ठाऊक होतं." तिनं नवऱ्याकडे बोट केलं नाही, नुसतं पाहिलं. "सकाळपासून ठाऊक होतं. गल्लीतल्या छपरांवर एकेक पांढरं चढताना यांनी पाहिलं असणार."

इबाद दाराशी उभा होता. इबाद माझे पणजोबा, म्हणून मी त्यांची बाजू ओढून घेतो असा घरात माझ्यावर आरोप आहे. असू दे. त्या दिवशी तो तिशीचा बाप होता आणि त्याला तीन मुली होत्या. आठवड्यापूर्वी शहाच्या स्वारांनी लुटलेल्या एका मोहल्ल्यातून तो चालत आला होता, तिथं एका दाराबाहेर पडलेला लहान मुलीचा एकच बूट त्यानं पाहिला होता. त्या बुटाबद्दल त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. फक्त झोप येत नव्हती.

"मी खोटं बोललो नाही," तो म्हणाला.

"नाही," उस्ता म्हणाले. "गप्प बसलास."

"हो, बसलो! काय करू? तीन पोरींना कुठं लपवू, सांगा. या रांजणात?"

"आणि एवझ?" तूती खानमनी विचारलं. त्या सासूबाई, उस्तांच्या पत्नी, आतापर्यंत खांबाला टेकून लोकर विंचरत होत्या. त्यांचा आवाज कधीच चढत नसे, म्हणून सगळे त्यांना जास्त भीत. "एवझ तुझा कोण?"

तेवढ्यात दार वाजलं आणि शेजारचा जीनगर मीर सालेह आत आला, घाम पुसत. "उस्ता, आमचंही झालं. पांढरं काही सापडेना, शेवटी बायकोचा लग्नातला पलंगपोस लावला. ती बसलीय रडत. म्हटलं, अगं, उस्ता गंजअलींनी लावलं तिथं तू-मी कोण?" तो सगळ्यांच्या तोंडाकडे पाहू लागला. "काय झालं? कोणी... एवझला काही झालं का?"

"अजून नाही," तूती खानम म्हणाल्या.

उस्तांना त्या पलंगपोसानं जितकं लागलं तितकं दुसऱ्या कशानंच लागलं नसेल. ते मीर सालेहकडे वळले. मग म्हणाले, "सालेह, तुला तो मशिदीतला दिवस आठवतो?"

"कुठला?"

"दोन वर्षांपूर्वीचा. मजलिससाठी एकेक पेशा आपला माणूस निवडत होता तो. तुम्ही जीनगर पलीकडं बसला होतात, आम्ही रंगारी खांबाशी. तो तरुण मुल्ला माझ्यासमोर येऊन म्हणाला, 'उस्ता, तुमच्या मते कोण?'" उस्तांनी आपले हात पुढे धरले. मनगटापर्यंत निळे, नखं तर काळीच. "साठ वर्षं या हातांना लोक म्हणायचे, किती घेणार, कधी देणार. 'तुमच्या मते' असं कुणी म्हणालं नव्हतं. मला बोलताच येईना."

"घरी आले तेव्हा मला वाटलं ताप भरलाय," तूती खानम म्हणाल्या.

"भरलाच होता."

"रात्रभर बडबडत होतात. मला म्हणालात, तूती, तुझ्या मते कोण? मी म्हटलं, झोपा."

मीर सालेह हसला.

"तो एक दिवस," उस्ता म्हणाले, "आणि आज माझ्याकडं बघून अख्खी गल्ली म्हणते, उस्तांचं मत पांढरं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही." ते इबादकडे वळले. मला वाटतं त्यांना ओरडायचं होतं, पण आवाज तसा निघाला नाही. "तू मला विचारायचं होतंस, पोरा. मी नाही म्हणालो असतो, तू भांडला असतास, ताटल्या फुटल्या असत्या. पण विचारायचं होतंस. ज्याच्यासाठी तो तिकडं पोत्यामागं पडलाय ते एवढंच तर आहे."

इबादनं मान खाली घातली. चूक कळली म्हणून नव्हे, ती त्याला सकाळीच कळली होती. बापाला इतकं थकलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं, म्हणून.

"मग काढून टाका गुपचूप," खातून आत्या म्हणाली. आपण कोणत्या बाजूनं बोलतोय याचा तिला आता विसर पडला होता. "नमाजाला वेळ आहे अजून."

"गुपचूप चढलं नाही, गुपचूप उतरून कसं चालेल?" तूती खानम म्हणाल्या. "लोकांना वाटेल वाऱ्यानं पडलं. त्यांची तशीच राहतील."

उस्ता उठायला गेले. त्यांनी आधारासाठी रांजणाचं झाकण धरलं आणि ते सरकलं. सवयीनं त्यांनी आत पाहिलं. मग वाकले. मग काठीनं पाणी हलवलं आणि काठी तशीच आत सोडून मागे बसले.

पाण्यावर फेस आला होता. जांभळा, तांब्यासारखा चमकणारा, जाड. खाली पाणी हिरवंपिवळं आणि जिवंत होतं.

आणि उस्ता गंजअली हसायला लागले. खांदे हलेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आत्याला वाटलं भावाचं डोकं फिरलं.

"थाप!" ते कसंबसं म्हणाले. "अगं खातून, थाप! उंटिणीची पिल्लं सांगून सांगून दमलो महिनाभर, कोणी ऐकायला नव्हतं. आज या घरातून थाप निघाली, 'गंजअली शरण आला'! पूल ओलांडून दवाचीपर्यंत गेली! तुझ्या जावयानंसुद्धा खरी मानली! एवढी मोठी थाप माझ्या आज्यालाही जमली नसती." त्यांनी सुनेकडे पाहिलं. "सूनबाई, रांजण तू उठवलास."

आता खरं सांगायचं तर आदल्या दिवशी तूती खानमनी रांजणात खजुराची उरलेली काकवी ओतली होती आणि वर उन्हाळ्याची ऊब होती. पण हे उस्तांना सांगायची कोणाची छाती होती? तूती खानम लोकर विंचरत राहिल्या आणि गालात हसल्या.

"कापड खाली आणा. रंगवून परत चढवू," उस्ता म्हणाले.

गुलअंदाम जिन्याकडे निघालीच होती, तिच्या आधी इबाद पोचला. ठाणं खांद्यावर घेऊन तो खाली आला आणि ती बापासमोर ठेवली.

"निळं?" खातून आत्या म्हणाली. "दादाश, दुखवट्याचा रंग छपरावर? कुणी मेलं नसताना?"

"लाल चढवायला मंजिष्ठेला दोन दिवस लागतात," तूती खानम बाह्या वर करत म्हणाल्या. "जा, जावईबापूंना सांगून ये, जरा थांबा म्हणून."

आत्या गेली नाही. पिळायला दोन माणसं लागतात, आणि एका टोकाला गुलअंदाम एकटीच होती. आत्यानं चादर कमरेला बांधली. "साबणानं निघतं ना हे?" तिनं विचारलं. रंगाऱ्याच्या मुलीला उत्तर ठाऊकच होतं.

उस्तांनी पहिलं ठाण बुडवलं, खांद्यापर्यंत हात घालून फिरवलं, आणि वर काढलं. नीळ पाहिली नसेल त्याला सांगून पटायचं नाही, कापड रांजणातून निळं निघत नाही. ते कोवळ्या पाल्यासारखं पिवळटहिरवं निघतं. हवा लागली की मग रंग बदलायला लागतो.

"असंच द्या, पाणी गळतंय तोवर," इबाद म्हणाला. "वर गेल्यावर बदलू दे. दिसू दे सगळ्यांना." थोडं थांबून तो म्हणाला, "आगा, तुमच्या मते मी नेऊ का?"

उस्तांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "ने," ते म्हणाले.

छपरावर ऊन रखरखत होतं. इबादनं कापडाचं टोक धुराड्याला बांधलं. इथून सगळं दिसत होतं, नदी, पूल, नाक्यावरची पोती, पलीकडच्या बागांमधले घोडे, आणि गल्लीच्या दोन्ही बाजूंना पलंगपोस, उशांचे अभ्रे, कोणाची तरी विजार. पांढरं, सगळं पांढरं. कापड सुटलं आणि कठड्यावरून खाली उलगडलं. हिरवं होतं. काठ निळसर झाले. मग मध्यावर ढग धरल्यासारखे डाग पसरले, एकमेकांत मिसळले, आणि बघता बघता सगळं ठाण गर्द निळं झालं.

नदीपलीकडून गोळी सुटली. धुराड्याची माती उडून त्याच्या तोंडावर आली. त्या क्षणी इबादच्या डोळ्यांसमोर तो बूट आला आणि त्याचे पाय जिन्याकडे वळले. पण समोरच्या छपरावर नानवाय उभा होता, शेजारच्या छपरावर मीर सालेहची बायको, तिचे डोळे रडून सुजलेले, आणि दोघंही त्याच्याकडेच बघत होते.

"इबाद!" नानवाय ओरडला. "काय चाललंय हे? सकाळी पांढरं, आता निळं! खरं कुठलं?"

इबादनं तोंडावरची माती पुसली. त्यामुळे गालावर निळा पट्टा उमटला. "सकाळचं धुणं होतं!" तो ओरडला. आवाज फुटत होता, पण पोचत होता. "आम्ही काही लावलं नव्हतं! आणि मला ठाऊक असून मी सांगितलं नाही, त्याचं जे म्हणायचं ते मला म्हणा! आगांचा रांजण जागा झालाय. ज्याला पांढरं ठेवायचंय त्यानं ठेवा, कोणी काही बोलणार नाही! ज्याला नकोय त्यानं घेऊन या!"

मग मीर सालेहच्या बायकोनं कठड्यावरून पलंगपोस असा ओढला की दोरीच तुटली.

ऊन कलेपर्यंत आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. कोणी ठेवलं पांढरंच, नाही असं नाही. गल्लीच्या टोकाच्या हाजीनं ठेवलं, आणि इबाद बोलला होता तसं त्याला कोणी काही बोललं नाही. बाकीचे अभ्रे आणि चादरी घेऊन रांगेत उभे होते. अस्रचा नमाज झाला. शहाचे स्वार पुलापलीकडे आले, गल्लीच्या छपरांकडे बराच वेळ पाहत राहिले, आणि इथून गोळी न झाडता जाता येणार नाही हे ओळखून घोडे वळवून गेले.

थोड्याच वेळानं गल्लीच्या वरच्या टोकाकडून टापा वाजल्या. ते अमीरखीझचे, म्हणजे शहाशी लढणाऱ्या मोहल्ल्याचे, लोक होते. त्या दिवशी मूठभर माणसं शहरभर फिरून पांढरी निशाणं उतरवत होती, हे सगळ्या तब्रीझला ठाऊक आहे. मजबुरीनं काम करावं तसा खाली मान घालून एवझ त्यांच्याबरोबर चालला होता. दुपारी नाक्यावर कोणीतरी त्याला म्हणालं होतं, तुझ्या बापाचं छप्पर बघ. त्यानं बघितलं होतं. मग तो म्हणाला होता, "ते मी स्वतः उतरवीन." बापासमोर काय बोलायचं, दादाशसमोर काय बोलायचं, हे तो वाटभर मनात जुळवत होता. गल्लीच्या तोंडाशी त्यानं मान वर केली.

निळं. आपल्या छपरावर, जीनगराच्या छपरावर, ओळीनं. सगळी गल्ली दुखवटा पाळत असावी तशी.

जुळवलेलं सगळं बोलणं गेलं. एवझ धावला. दार उघडंच होतं, अंगणात माणसंच माणसं. त्यानं बंदूक दारातच टाकली. "कोण गेलं?" त्याचा आवाज लहान पोरासारखा निघाला. "आगा कुठायत? आई, कोण गेलं?"

गर्दी बाजूला झाली. रांजणाशी उस्ता गंजअली बसले होते, खांद्यापर्यंत निळे, दाढीलासुद्धा निळ्या रेघा.

"कोणी नाही गेलं," तूती खानम म्हणाल्या आणि तेव्हा कुठे त्यांचा आवाज चिरकला. "सगळे आहेत. बघ, मोजून घे."

एवझ बापाशेजारी जमिनीवर बसला आणि रडला. उस्तांनी ओला हात त्याच्या मानेवर ठेवला. तो डाग पुढे कितीतरी दिवस गेला नाही म्हणतात.

"हे हात घेऊन आता मी पूल कशी ओलांडू?" खातून आत्या कोपऱ्यातून म्हणाली. तिचे कोपर निळे झाले होते. "जावई बघेल तर काय म्हणेल?"

"राहा मग इथंच," गुलअंदाम म्हणाली. "उद्याही पिळायला माणूस लागेलच."

बाहेरून अमीरखीझच्या एका स्वारानं हाक मारली. "एवझ! इथलं काही उतरवायचंय का?"

एवझनं डोळे पुसले आणि दाराकडे तोंड केलं. जिन्याच्या पायरीवर इबाद बसला होता, गालावर तो पट्टा घेऊन. इबादनं भावाकडे पाहिलं, मग मान वळवली.

"नाही!" एवझ ओरडला. "इथलं काही नाही! पुढच्या गल्लीला चला!"

"थांब," इबाद उठून म्हणाला. "पुढच्या गल्लीत नुसतं उपटत जाऊ नका म्हणावं. आधी विचारा त्यांना. नको असेल तर इकडं घेऊन यायला सांगा." तो बापाकडे वळला. "आगा, पुरेल ना रंग?"

उस्तांनी झाकण सारलं, काठी फिरवली, फेस बोटावर घेऊन उजेडात पाहिला.

"पुरेल," ते म्हणाले. "येऊ देत."